रिकामा कंदील

भांडण हळू आवाजातलं होतं, म्हणून ते सगुणाच्या कानात जन्मभर राहिलं. मोठ्यानं भांडलेलं माणूस विसरतं. कोंबडं आरवून गेलं होतं, बाहेर अजून धड दिसत नव्हतं, आणि आठ वर्षांची सगुणा वाकळेत डोळे मिटून जागी पडली होती. चुलीपाशी आई आणि बाप.

"कंदिलात तेल न्हाई," बाप म्हणाला.

"न्हाई."

"परवा तर वाटीभर राकेल होतं."

"होतं. शेजारी नर्मदेला दिलं अन् पीठ आणलं. राती भाकर कशाची खाल्ली तुमी, मातीची?"

"अगं, मला आज पेवात उतरायचंय. आधी कंदील सोडल्याबिगर उतरत असतेत का?"

"मालकाला मागा. पेव त्यायचं, ज्वारी त्यायची, मग राकेल बी त्यायचंच लागू द्या."

"मागितलं की काल. म्हणले, आजवर तुझ्याच कंदिलात तुझंच तेल असायचं, आजच बरं आटलं."

"मग जाऊ नका."

"न जाऊन खायचं काय, तुझी वाटी?"

बापानं खुंटीवरचा कंदील काढला तेव्हा कडीचा कुईकुई आवाज झाला. सगुणानं अंगावर वाकळ ओढली. रात्री तिनं दीड भाकर खाल्ली होती, बऱ्याच दिवसांनी. पोट भरल्याची ऊब अजून गेली नव्हती.

ते बहात्तर सालच्या दुष्काळाचं वर्ष. गाव ताडकळसच्या अलीकडचं, गावात व्यंकटरावांची गढी, गढीच्या पोटात तळघर, आणि तळघराच्या जमिनीत तीन पेवं. पेव म्हणजे जमिनीत पुरलेला एक मोठा रांजण समजा. तोंड एवढंसं, माणूस अंग चोरून जाईल असं, आणि आत खाली पोट सुटलेलं. ज्वारी भरायची, वर दगड ठेवायचा, शेणमातीनं लिंपून टाकायचं. चार-पाच वर्षं दाण्याला काही होत नाही. होतं ते हवेला. आतली हवा मरून जाते. म्हणून पेव फोडलं की दोन दिवस तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला बांधून पेटता कंदील सोडायचा. ज्योत टिकली तर माणसानं उतरायचं. विझली तर थांबायचं. यात शिकण्यासारखं एवढंच, आणि सगुणाचा बाप सिताराम हे बारा वर्षं नेमानं करत आला होता. त्याच्या त्या कामावरून लोक चेष्टा करायचे, सिताराम लघवीला जातानासुद्धा आधी कंदील सोडतो म्हणून.

त्या दिवशी बाजारभाव चढलेला होता आणि गाड्या दारात उभ्या होत्या. दोन दिवस थांबायला कोणाला सवड नव्हती. पेव सकाळी फोडलं आणि सकाळीच सिताराम उतरला. वर दोरी धरायला शेजारचा गोपाळ होता, नर्मदेचा नवरा. आत गेलेला सिताराम हाकेला ओ देईना, तेव्हा गोपाळ दोरी खांबाला बांधून त्याच्यामागं उतरला. दोघांनाही दुपारी गळ टाकून वर काढलं.

व्यंकटरावांनी पेवावर दगड ठेवला, तळघराच्या दारात भिंत घातली, आणि पुढल्या दोन वर्षांत घरदार परभणीला हलवलं. गावानंही आपला निकाल लावून टाकला: सिताराम त्या दिवशी कंदील न सोडताच उतरला. स्वतः गेला ते गेला, गोपाळचं घरही बुडवून गेला.

नर्मदा तेव्हा वीस वर्षांची, मांडीवर लेकरू. दोन्ही घरांच्या मधे आधी काटेकुटे होते, तिनं तिथं मातीची भिंत घातली. एकटीनं, पाच दिवसांत. त्यानंतर सगुणाच्या घराशी ती बोलली नाही. विहिरीवर आई दिसली की घागर तशीच रिकामी घेऊन परत जायची.

सगुणाच्या आईनं वाटीचं कधी कोणाला सांगितलं नाही. भाकरी गोड लागेना झाली असं काही झालं नाही. भूक तेवढी सुसंस्कृत नसते. ती भाकरी खात राहिली, खडी फोडत राहिली आणि पंचावन्नाव्या वर्षी खोकून मेली. मरताना पोरीचा हात धरून एवढंच म्हणाली, "त्या सकाळी तू झोपली होतीस ना गं?"

"झोपले होते," सगुणा म्हणाली.

तिचं स्वतःचं आयुष्य सांगायला फार वेळ लागत नाही. जिंतूरकडं दिली, नवऱ्यानं तीन वर्षांत दुसरी आणली, ही आपलं गाठोडं घेऊन परत आली. मग गवंड्यांच्या टोळीबरोबर हिंडली. पाथरीला एका जुन्या इमारतीचं काम निघालं होतं, तिथं एका म्हाताऱ्या कारागिरानं तिला चुना मळायला शिकवलं. सिमेंटची पोती वाहणाऱ्या बाया पैशाला पासरी. पण चुना किती दिवस भिजवायचा, गुळाचं पाणी कधी घालायचं, बेलफळाचा चीक किती, हे हाताला कळणारी बाई एखादीच. सगुणाच्या बोटांची कातडी चुन्यानं गेली ती पुन्हा नीट आलीच नाही. आधार कार्डाच्या मशीननं तिचे ठसे तीनदा नाकारले. "मी हाय का न्हाई तेवढं तरी सांग की बाबा," असं ती मशीनलाच म्हणाली होती. छातीतही चुना बसला. जिना चढताना ती मधे थांबून भिंतीचं गिलाव्याचं काम बघितल्यासारखं करायची, म्हणजे धाप लागली असं कोणी म्हणू नये.

आणि तीन वर्षांमागं व्यंकटरावांचा नातू हरिओम पुण्याहून आला. गढी नीट करायची, तळघर उघडायचं, पेवं लोकांना दाखवायची, असं त्यानं मनावर घेतलं होतं. माणूस वाईट नव्हता. जमिनीवर बसून चहा प्यायचा, सगळ्यांना अहो-जाहो करायचा. ताडकळसचा परमेश्वर गवंडी त्यानं ठरवला, आणि परमेश्वरनं चुन्यासाठी सगुणाला बोलावलं. गढीच्या कामावर जायचं म्हणून घरात कोणी अडवायला नव्हतंच. तिनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी गेली. खाली काय आहे ते तिला बघायचं होतं. गाव म्हणतं तसं बाप खरंच सगळं सोडून, कंदील बाजूला टाकून उतरला का, एवढं एकदा बघायचं होतं. तेल नव्हतं हे तिला ठाऊक होतं. पुढचं ठाऊक नव्हतं.

तळघराची भिंत फोडली तेव्हा आतून ओल्या पोत्यांचा वास आला. वटवाघळं निघाली, मग राडारोडा निघाला, चाळीस ट्रॉल्या. कमानीचा चुना जागोजाग फुगला होता, हात लावला की पापुद्रा हातात. महिनाभरानं जमीन दिसली आणि तिच्यात तीन दगडी झाकणं. दोन पेवं मातीनं भरलेली होती. तिसऱ्यावरचा दगड परमेश्वरनं पहारीनं सरकवला आणि कमरेला दोर बांधायला लागला.

सगुणा येऊन पेवाच्या तोंडावर बसली. नुसती बसली, पाटावर बसावं तशी.

"मावशी, उठा," परमेश्वर म्हणाला. "पान खायची जागा हाय का ही?"

"आधी दिवा सोड."

"बॅटरी हाय की. ही बघा, केवढा उजेड पडायलाय. तळातला उंदीर दिसंल."

"तुझी बॅटरी तू मेल्यावर बी जळत राहील, परमेश्वरा. दिव्याला तुझ्यासारखाच श्वास लागतो. दिवा सोड."

परमेश्वर हसला, पण उतरला नाही. हरिओमनं देवघरातून पणती आणवली. डब्यात ठेवून, तार बांधून ती खाली सोडली. दोन हात गेली आणि विझली. फडफडली नाही, काही नाही. कोणीतरी चिमटीत धरावी तशी गेली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा तिथंच गेली. परमेश्वरनं कमरेचा दोर सोडला आणि लांब जाऊन तंबाखू मळत बसला. त्या दिवशी कोणी चेष्टा केली नाही.

दोन दिवस कूलरचा पंखा लावून आत वारा घातला. तिसऱ्या दिवशी पणती तळापर्यंत जळत गेली, तेव्हा परमेश्वर उतरला. बादलीमागून बादली काळी पडलेली ज्वारी वर आली, कोळशाच्या भुकटीसारखी. दुपारनंतर खालून तो ओरडला, "दादा, एक कंदील सापडलाय."

कंदील वर आला. काच फुटलेली, पत्रा गंजलेला, पण कडीत दोरीचा तुकडा अजून होता. गाठ सिताराम मारायचा तीच, दुहेरी.

बातमी गावात जायला चहा उकळायचा वेळ लागला. दोरी बांधलेला कंदील म्हणजे सोडलेला कंदील. संध्याकाळपर्यंत लोक सगुणाच्या दारात. "तुझ्या बापानं नेम मोडला न्हवता, सगुणे. उगं पन्नास वर्षं बोललो आमी." कोणी नारळ आणला, कोणी गुळाचा खडा. एवढी माणसं तिच्या दारात आईच्या मयतीलाही नव्हती. हरिओमनं तर ठरवूनच टाकलं, पेवाशेजारी कोनाड्यात कंदील ठेवायचा आणि पाटी लावायची: सिताराम आणि गोपाळ, दोघांची नावं, नेमानं पेटता कंदील सोडूनही हवेनं दगा दिला असं.

सगुणानं मात्र कंदील हातात घेऊन वात बघितली होती. टोक ताजं कातरलेलं, पांढरं होतं; सोडायच्या आधी बाप वात नेमानं कातरायचा. जळालेली वात काळी असते. बापानं कंदील सोडला होता हे खरं, पण रिकामा. व्यंकटराव वर दाराशी उभे असतील. तळघरात काय चाललंय ते त्यांना तिथून दिसत नाही. मग कोणासाठी सोडला? बहुतेक कोणासाठीच नाही. बारा वर्षांचा हात. उतरायच्या आधी कंदील सोडायचा म्हणजे सोडायचा. आणि गोपाळनं हे शेजारी उभं राहून बघितलं असणार.

आता गप्प बसलं की झालं. बापाचं नाव धुऊन निघालं होतं, गावानं स्वतःच्या तोंडानं धुतलं होतं. वात बघणारी ती एकटी. पण त्या नावासाठी नर्मदेला खोटं गिळायला लावायचं, आपला नवरा नशिबानं गेला असं मानायला लावायचं, हे तिला गिळवेना. नर्मदेचा राग तेवढा तरी खरा होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती भिंतीला वळसा घालून नर्मदाबाईच्या अंगणात गेली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. सत्तरी ओलांडलेली नर्मदाबाई बाजेवर बसून पायाला तेल चोळत होती. लेक औरंगाबादेला, घरात एकटीच.

"पेढे द्यायला आलीस का?" ती म्हणाली.

"न्हाई. सांगायला आले. कंदील रिकामा होता, काकू. तेल न्हवतं त्यात. गाव म्हणतंय ते खोटं हाय. तुमचा राग बरोबर होता."

नर्मदाबाईचा हात गुडघ्यावर थांबला.

"बस," ती म्हणाली.

सगुणा बसली.

"रिकामा होता ते मला ठाऊक हाय. तुझ्याआधी ठाऊक हाय. त्या सकाळी तुझा बाप आला होता माझ्या दारात. म्हणाला, पोरी, त्यातलं अर्धं परत दे, संध्याकाळी भरून देतो. मी न्हाई म्हणले. पोरगं तापानं फणफणत होतं, अंधारात रात काढायची कशी? पीठ खाऊन बसलात अन् तेल माघारी मागता का, असं बी म्हणले. हे तिथंच तोंड धूत होते. ऐकलं सगळं. काय बोलले न्हाईत. दोरी घेतली अन् तुझ्या बापासंगं गेले."

सगुणानं बाजेच्या सुटलेल्या काथ्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुझा बाप खाली पडला तेव्हा ह्यांना काय वाटलं असंल? आपल्या बायकोनं वाटी दिली न्हाई, हेच ना? न्हाईतर शहाणा माणूस कशाला उतरतोय त्याच्यामागं?" नर्मदाबाईनं पदरानं हाताचं तेल पुसलं. "अन् राती मयताच्या उशाला दिवा लावायला लागतो. घरात दुसरं तेल न्हवतं. तेच लावलं. रातभर जळालं."

बाहेर कोणाचं तरी ट्रॅक्टर गेलं.

"मग भिंत का घातली आमच्याशी?" सगुणानं विचारलं.

"तुझ्या आईचं तोंड बघवत न्हवतं. ती एका दिवशी विचारणार, तुझ्याकडं आले होते का म्हणून. काय सांगू? राग धरला की कुणी विचारत न्हाई."

सगुणा घरी आली आणि त्या रात्री भाकरीच्या घासाबरोबर तिला चुलीपाशी बसलेल्या बापाचं एक वाक्य आठवलं. आठ वर्षांच्या पोरीला पीठच तेवढं ऐकू आलं होतं, कारण ते तिच्या पोटात होतं. मालकाला काल मागितलं की, हे वाक्य इतकी वर्षं तिथंच पडून होतं, कोणी उचललं नव्हतं. आई वाटीपायी जळाली, नर्मदा वाटीपायी जळाली, ती स्वतः दीड भाकरीपायी. आणि गढीच्या कोठीत तेव्हा डबेच्या डबे होते. लग्नकार्यात गॅसबत्त्या लागायच्या, दिवाळीत माडीच्या साऱ्या खिडक्या उजळायच्या.

सकाळी ती हरिओमकडं गेली. पाटीचा मजकूर त्याच्या हातातच होता.

"ते पेटता लिहिलंय ना, ते काढा," ती म्हणाली. "विझलेला होता. तेल न्हवतं. माझ्या बापानं तुमच्या आजोबाला आदल्या दिवशी तेल मागितलं, त्यांनी दिलं न्हाई, अन् पेव दोन दिवस उघडं बी ठेवू दिलं न्हाई. लिहायचं तर तेवढं लिहा." नर्मदेच्या वाटीबद्दल ती बोलली नाही.

हरिओमनं कागदाची घडी केली. मग ती उलगडली. "सगुणामावशी, तुमच्या वडिलांचं नाव चांगलं होतंय की यात. तुम्हाला ते नको?"

"चांगलं नको. खरं लिहा."

"आजोबांनी दिलं नाही हे कोणी बघितलं?"

"मी ऐकलं."

"किती वर्षांच्या होतात?"

"आठ."

त्यानं कागदाची पुन्हा घडी करून खिशात घातली. वाईट माणूस नव्हता हे वर सांगितलंच आहे. त्याला पेवाशेजारच्या भिंतीवर आजोबांचा फोटोही लावायचा होता, एवढंच. महिन्याभरानं पाटी लागली तेव्हा ती परमेश्वरनं सगुणाला वाचून दाखवली: धान्याचं पेव, खोली अठरा फूट. कंदिलाखाली दुसरी छोटी पाटी: जुना कंदील, अंदाजे शंभर वर्षांपूर्वीचा.

"माणसं कुठंयत?" सगुणानं विचारलं.

"माणसं न्हाईत, मावशी."

गावाला मात्र सगुणा हरिओमशी काय बोलली ते कळलं. मग गाव पुन्हा फिरलं. जे नारळ घेऊन आले होते तेच म्हणाले, हिनं आपल्या तोंडानं बापाला बुडवलं, डोकं फिरलंय म्हातारीचं. सिताराम पुन्हा हलगर्जी ठरला. सगुणानं ते ऐकून घेतलं. काम तिनं पुरं केलं. कमानीचा शेवटचा हात तिचाच आहे, अंडं फिरवावं तसा गुळगुळीत. सिमेंट लावू का म्हणून परमेश्वरनं एकदाच विचारलं होतं, नंतर विचारलं नाही.

भिंत कोणी पाडली नाही. दोघीही त्या वयाच्या नव्हत्या. पण वळसा घालायची वाट मळली. नर्मदाबाईचे गुडघे गेले होते, म्हणून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी उपकेंद्रातून तिच्या बीपीच्या गोळ्या सगुणाच आणायची. वर्षभर आणल्या. लोक विचारायचे, दोघी दुपारभर बसून बोलता तरी काय? बोलायच्या फार थोडं. तूर निवडायच्या.

शेवटच्या मंगळवारी सगुणाची छाती सकाळपासूनच भरलेली होती. शुक्रवारी ती गेली. पण त्या दिवशी हे कोणाला ठाऊक नव्हतं, तिलाही नसावं. ती उपकेंद्रावर चालत गेली, मधे दोनदा थांबून लोकांच्या भिंती बघितल्या. सिस्टर म्हणाली, "आजी, तुम्हीच तपासून घ्या आता, केवढा दम लागलाय."

"माझं न्हाई, नर्मदाबाईचं कार्ड हाय ते. तिच्या नावावर मला कशाला सुया टोचता?"

गोळ्या घेतल्या, पिशवीत ठेवल्या, पिशवी पदरात बांधली. ऊन चढलं होतं. अंगणात नर्मदाबाई सूप घेऊन बसलेली.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"सिस्टरचं लग्न ठरायलंय. फोन संपंना."

"कुणाशी?"

"फोन संपल्यावर कळंल."

सगुणानं दोन पट्ट्या तिच्या ओच्यात टाकल्या. पांढरी सकाळची, पिवळी रात्रीची, जेवल्यावर, असं नेहमीसारखं दोनदा सांगितलं. नर्मदाबाईनं नेहमीसारखं दोनदा उलटं म्हणून दाखवलं. मग सगुणानं ते तिसऱ्यांदा सांगितलं, सुपातला एक खडा वेचून बाहेर फेकला, आणि वळसा घालून घरी गेली.